टेबलाखाली अण्णा

आमच्या गल्लीत कुणालाच हळू बोलता येत नसे. त्यात कुणाचा उद्धटपणा नव्हता. भिंतीला भिंत लागून नरसम्माकाकूंचं घर होतं, त्यांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग होते, आणि सकाळी ते एकदा सुरू झाले की दिवेलागणीपर्यंत थांबायचे नाहीत. त्या खडखडाटावर आवाज चढवूनच आम्ही सगळे बोलायला शिकलो. आईनं नुसतं "मीठ दे" म्हटलं तरी नव्या पाहुण्याला वाटायचं घरात भांडण लागलंय. गुपित सांगायचं असेल तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यायचं आणि ओरडायचं, ही आमच्याकडची कुजबूज. आजही मी फोनवर बोलायला लागले की माझे यजमान आतल्या खोलीतून म्हणतात, "फोन ठेवून दे, तशीच बोल, तिकडे ऐकू जाईल."

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत एक लोखंडी टेबल, ते अण्णांच्या मालकांनी दुकानातून काढून टाकलेलं. मागची खोली आईची. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून दुकानांना द्यायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी ती इतकी पातळ थापायची की उजेडाकडे धरली तर पलीकडची बोटं दिसावीत. भाजून झाली की भाकऱ्या टोपलीत उभ्या लावून वाळवायच्या. उखळात शेंगा, लसूण आणि तिखट कुटायला घेतलं की सगळं घर खोकायचं, पण कुणी तक्रार करत नसे, कारण त्याच खोकल्यावर घर चालत होतं. मदतीला आत्या होती. ती वळसंगला दिलेली, पण मुलं मोठी झाल्यावर वर्षातले निम्मे दिवस आमच्याकडेच असायची. सीमेकडची असल्यामुळे आश्चर्य वाटलं की कानडीत "यव्वा!" म्हणायची, आणि तिला आश्चर्य फार वेळा वाटायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानात गादीवर बसून चादरी दाखवायचे. चादर झटकून उलगडायची, गिऱ्हाइकाच्या मांडीवर टाकायची आणि तिचं वजन, वीण, रंग यांवर बोलत राहायचं, हे त्यांचं काम होतं आणि तोच स्वभावही. रविवारीसुद्धा मला उठवताना पांघरूण ओढून म्हणायचे, "बघा ताई, वजन बघा की, असा माल कुटं मिळायचा न्हाय." गिऱ्हाइकाची तक्रार उत्तराशिवाय जमिनीवर पडू द्यायची नाही, हा त्यांचा धर्म होता. चादर आटली म्हणणाऱ्याला ते उत्तर द्यायचे, टोचते म्हणणाऱ्याला द्यायचे, आणि एकदा तर स्मशानभूमीत कुणीतरी चादरीबद्दल काही बोललं तर तिथंही त्यांनी दिलं होतं. आईनं नंतर दोन दिवस अबोला धरला, तो अण्णांच्या लक्षातही आला नाही, कारण बोलायचं काम ते एकटेच करायचे.

अशा घरात माझा लॅपटॉप आला. तो मामाच्या कंपनीनं जुना झाला म्हणून काढून टाकलेला. मामानं देतानाच सांगितलं होतं, "बॅटरी फक्त वजनाला आहे हं." म्हणजे वायर लावली तर चालणार, वायर निघाली की त्याच क्षणी डोळे मिटणार. तरी माझं त्याच्यावर जीवापाड प्रेम होतं. मला कापडावरच्या नक्षीचं शिक्षण घ्यायचं होतं. अण्णांच्या दुकानात लहानपणापासून बसून बसून मला चादरीवरचे मोर, वेली, चौकटी यांचं वेड लागलं होतं. तशी एक संस्था होती, बाहेरगावी. एकदा प्रवेश हुकला होता. दुसऱ्या खेपेला लेखी परीक्षा पार पडली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. वयाची अट अशी होती की ही खेप शेवटची. हुकली तर चुलतभावाच्या ओळखीनं एका पतसंस्थेत चिकटायचं, असं घरात ठरलेलंच होतं. कुणी जबरदस्ती करत नव्हतं, हेच वाईट होतं. आई फक्त म्हणायची, "बघ बाई, न्हाय झालं तर ते हायच की." ते "हायच की" मला स्वप्नात ऐकू यायचं.

मुलाखत लॅपटॉपवरून द्यायची होती, फोन चालणार नव्हता. घरीच बसायचं, खोलीत दुसरं कुणी नको, दोन्ही हात कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत, कारण मध्येच काहीतरी काढायला सांगणार होते. आणि संपर्क तुटला तर मुलाखत तिथेच संपली असं समजलं जाईल. हे सगळं मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणजे नेहमीच्या आवाजात.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी अडॅप्टर मेला. मेला म्हणजे आत्यानं मारला, पण प्रेमानं. हवा दमट होती, भाकऱ्या काही केल्या कडक होईनात, आणि आत्याच्या लक्षात आलं की लॅपटॉपच्या वायरीतला तो काळा डबा चांगला गरम असतो. एवढी ऊब फुकट चाललेली तिला बघवेना. तिनं तो डबा भाकरीच्या टोपलीत तळाशी ठेवला, वर भाकऱ्या रचल्या आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून त्यावर चादर गुंडाळली. मी टेबलापाशी रंगांचा सराव करत होते, मला वायर टोपलीत गेल्याचा पत्ता नाही. तासाभरात आधी वास आला आणि मग पडदा काळा झाला. आत्यानं टोपली उघडली, एक भाकरी मोडून बघितली आणि म्हणाली, "यव्वा, कडक मात्र झक्कास झाल्यात गं!" खरंच झाल्या होत्या. आईनं त्या दुकानाला दिल्यासुद्धा.

मी रडायला बसले. अण्णा दुकानातून आले, सगळं ऐकून तसेच परत फिरले आणि जुन्या अडॅप्टरचं प्रेत घेऊन गावभर हिंडले. त्या मॉडेलचा अडॅप्टर कुठेच नव्हता. पुण्याहून मागवता आला असता, तो दोन दिवसांनी आला असता. शेवटी तो सापडला भिंतीपलीकडे. नरसम्माकाकूंनी मागाच्या शेडमध्ये एक जुना कॉम्प्युटरचा पडदा लावला होता, त्यावर त्या मालिका बघायच्या. आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, त्या चेहऱ्यांवरून गोष्ट ओळखायच्या. त्या पडद्याचा अडॅप्टर अण्णांनी काढून आणला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरानं दोन्ही डब्यांवरचे आकडे वाचून बघितले आणि सांगितलं, "व्होल्ट जुळतंय, चालंल. ताकद जरा कमी हाय, तापंल. पण पिन सैल बसतीय काका, हलली की ग्येलं."

पिन सैल बसत होती हे खरं. भोकात ती खेळायची. एका बाजूला दाबून किंचित वर उचलून धरली तरच लॅपटॉपला वीज मिळायची. तो सुरू होतानाही पडद्यावर आधी कुरकुर करायचा की हा अडॅप्टर माझ्या ओळखीचा नाही, मग एक बटण दाबून त्याची समजूत घालावी लागायची. आम्ही पिनेला रबर लावून बघितलं. दुकानातली पॅकिंगची पट्टी लावली, ती उष्णतेनं सुटली. आत्यानं वर वरवंटा ठेवून बघितला, तेव्हा टेबलच डगमगायला लागलं. मग अण्णांनी नुसतं अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं पिन धरली. लॅपटॉप सुरू झाला आणि सुरूच राहिला. आईनं भाकऱ्यांची एक टोपली भरली तोवर अण्णा तसेच बसून होते.

"ठरलं की मग," अण्णा म्हणाले. "मी टेबलाखाली बसतो."

"खोलीत दुसरं कुणी चालत नाही अण्णा."

"दिसलो तर न्हाय चालत. मी कुटं दिसतोय?"

आईनं हात जोडले. म्हणाली, "दिसायचं जाऊ दे. अर्धा तास ह्यांचं तोंड बंद ऱ्हाईल का, ते आधी इच्यार."

अण्णांनी देवाच्या तसबिरीकडे बघून शपथ घेतली. शपथ घेता घेता त्या तसबिरीमागच्या कापडाची वीण कशी उत्तम आहे, तेही सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. मी सोडा म्हणेपर्यंत पिन सोडायची नाही. काही झालं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी म्हटलं, तुम्ही टेबलाखाली बसणार आहात. ते म्हणाले, "मुलाखत हाय म्हटल्यावर कपडे बरे नकोत का?" आत्याला दारावर बसवलं, कुणाला आत सोडायचं नाही म्हणून. उखळ बंद. आणि नरसम्माकाकूंनी माझ्यासाठी चक्क माग थांबवले. त्यांच्या पडद्याचा अडॅप्टर आमच्याकडे, माग बंद, बिचाऱ्या दोन्हीकडून रिकाम्या झाल्या. त्यात त्यांचा नातू मागाच्या आवाजाशिवाय झोपायचा नाही, तो माग थांबताच जागा होऊन रडायला लागला, तेव्हा काकू तेलुगूत "देवुडा, देवुडा" असा देवाचा धावा करत त्याला घेऊन पार कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत निघून गेल्या. आणि गल्लीत मी जन्मात कधी ऐकली नव्हती अशी शांतता पसरली. मला त्या शांततेची भीतीच वाटली.

पडद्यावर दोघं होते, एक सर आणि एक मॅडम. सर कोरडे होते. मॅडम मराठी बोलणाऱ्या, जरा हसऱ्या. सुरुवात बरी झाली. माझी चित्रं त्यांनी बघितली, रंगांबद्दल विचारलं, मी उत्तरं दिली. पायाला अण्णांचा खांदा लागत होता, आणि खरं सांगते, त्यानं धीर येत होता. मग मॅडम खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, "सोलापूरची का तू? आमच्याकडे पण एक सोलापुरी चादर होती. पण पहिल्याच धुण्यात सगळा रंग गेला बाई."

टेबलाखाली खांदा ताठ झालेला मला कळला. मी पायानं दाबला. उपयोग झाला नाही. अण्णांनी माझा कुर्ता ओढला आणि ते माझ्याशी कुजबुजले. त्यांच्या मते ती कुजबूजच होती. मागाच्या खडखडाटात ती मलासुद्धा जेमतेम ऐकू आली असती. पण माग बंद होते.

"इच्यार की त्यास्नी, पयल्या धुन्याला मीठ टाकलं व्हतं का?"

पडद्यावरचे दोघेही दचकले. दाराबाहेर आत्या "यव्वा!" म्हणाली, तेही स्वच्छ ऐकू आलं.

"कोण आहे तिथे?" सरांनी विचारलं. "खोलीत एकटंच बसायचं, हा नियम सांगितला होता ना? जे कोणी असतील त्यांनी आत्ताच्या आत्ता कॅमेऱ्यासमोर यावं."

अण्णा टेबलाखालून नम्रपणे म्हणाले, "सर, मी वर आलो की तुमी जाताव."

"म्हणजे?"

"म्हंजे मी पिन धरलीय, सर."

मी सगळं सांगायचा प्रयत्न केला. अडॅप्टर, भाकरी, आत्या, नरसम्माकाकूंच्या मालिका. घाबरल्यामुळे क्रम उलटासुलटा झाला आणि तोंडून निघालं ते असं की आत्यानं मालिका भाजल्या. सरांचा चेहरा आणखी कोरडा झाला. "मला हे काही कळत नाही," ते म्हणाले. "त्या गृहस्थांना समोर यायला सांगा. नाहीतर मुलाखत इथेच थांबवू." म्हणजे अण्णा वर आले नाहीत तर मुलाखत बंद, आणि वर आले तर लॅपटॉप बंद. मी खाली वाकून बघितलं. अण्णा माझ्याकडे बघत होते. इतका बोलणारा माणूस, पण डोळ्यांत नुसतं विचारणं होतं, काय करू? मला वाटलं, खोटं ठरण्यापेक्षा बंद पडलेलं बरं. म्हटलं, "या वर."

अण्णा डोक्याला टेबल लावून घेत वर आले, शर्ट नीट केला, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार." पडदा काळा झाला होता. तो इस्त्रीचा शर्ट कुणीच बघितला नाही.

मग जे झालं त्याला आमच्याकडे एकच शब्द आहे, कालवा. आई आतून धावत आली, आत्या बाहेरून. "काय सुटलं? काय सुटलं?" अण्णा परत खाली गेले, पिन धरली. लॅपटॉप त्याच्या सवयीनं शांतपणे जागा होऊ लागला. त्याला एरवीही उठायला चहा उकळण्याइतका वेळ लागायचा, त्या दिवशी जेवण झालं असतं. मध्येच त्यानं तक्रार केली की अडॅप्टर ओळखीचा नाही. मी बटण दाबलं. आई देवाला म्हणाली, "तुला म्हून सांगते, त्याला वळख पटू दे." माझ्या मनात पतसंस्थेचा काउंटर आला, त्याच्यामागची खुर्ची आली, आणि मी त्या खुर्चीवर बसलेलीसुद्धा दिसले.

शेवटी पडदा उजळला. ते दोघं तिथेच होते. मॅडम रुमालानं डोळे पुसत होत्या, आणि ते रडून नव्हे. सर म्हणाले, "पटलं, ते वर आले की आम्ही जातो. त्यांना राहू दे तिथे. पण एक शब्द बोलायचा नाही."

"न्हाय बोलत सर," अण्णा टेबलाखालून गरजले.

सरांनी कपाळाला हात लावला आणि मला कागद घ्यायला सांगितलं. खोलीत या क्षणी जे दिसतंय त्यातलं काहीही काढ, आणि त्यातून चादरीची नक्षी कर. मी घोकून ठेवलेले मोर आणि वेली डोक्यातून पार निघून गेले होते. खाली नजर गेली तर गुडघ्यांच्या मध्ये अण्णांचं डोकं, मागे पडायला लागलेलं टक्कल आणि वर उचलून धरलेला हात. मी तेच काढलं. अंगठा, बोट, मधून निघालेली वायर. तीच आकृती शेजारी उलटी, मग सुलटी, मग उलटी, आणि वायरीची वेल झाली. मॅडमनी तो कागद कॅमेऱ्यासमोर बराच वेळ धरायला लावला. काय वाटलं ते सांगितलं नाही. "कळवू," म्हणाल्या आणि गेल्या.

प्रवेश मिळाला, हे इथेच सांगून टाकते. अंगठ्याची ती नक्षी पुढे खरोखर मागावर चढली आणि चादर म्हणून अण्णांनी ती विकलीही, प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचा अंगठा दाखवून. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं.

मॅडम गेल्या तशी मी लॅपटॉप मिटला आणि धावत आत गेले. आईच्या गळ्यात पडले. आत्यानं कुठूनशी साखर काढून माझ्या तोंडात कोंबली. निकाल काय लागणार याची कुणालाच कल्पना नव्हती, पण संपलं याचाच आनंद इतका होता की आईनं भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढ्यात ठेवलं, आणि आदल्या रात्रीपासून काही न खाल्लेली मी खाली मांडी घालून जेवायला बसले. नरसम्माकाकू नातवाला घेऊन परत आल्या. त्यांचे माग सुरू झाले, नातू झोपला, उखळ सुरू झालं, आम्ही सगळे पुन्हा माणसांसारखे ओरडून बोलायला लागलो. माझी दुसरी भाकरी संपत आली तेव्हा आईनं विचारलं, "तुजे अण्णा कुटं हायत?"

मी पुढच्या खोलीत गेले. अण्णा टेबलाखाली होते. पाय अवघडल्यामुळे एक गुडघा पोटाशी घेतलेला, शर्टाची इस्त्री गेलेली, मान वाकडी. डावा हात उजव्या मनगटाला आधार देत होता, आणि उजव्या हाताचा अंगठा पिनेवर होता. तो डबा शेजारी तापून पडला होता. त्यांना खालून पडदा दिसत नव्हता. "कळवू" एवढं त्यांनी ऐकलं असेल, पण सोडा असं मी त्यांना म्हटलंच नव्हतं. आणि एक शब्द बोलायचा नाही असं सरांनी सांगितलेलं, म्हणून त्यांनी हाकही मारली नव्हती.

मला बघून त्यांचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही. माग धडाडून चालू होते. मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरले आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं माझे वडील खरोखर हळू बोलत होते.

"ग्येले का ते?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि आमच्या गल्लीच्या पद्धतीनं कुजबुजले, "सोडा, अण्णा! सोडा आता!"

ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.